चकल्यांच्या साइटवरचे दात

साताऱ्याच्या अभिराम कोठावळेंची कंपनी गावातल्या चाळीसेक दुकानांच्या वेबसाइट सांभाळायची. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या साइटवर डकवायचा आणि नाव तेवढं बदलायचं, ही तिथली रीत. तशात एका दंतवैद्याचं वाक्य चकल्या विकणाऱ्या रणदिवेकाकूंच्या साइटवर गेलं: ‘आमच्याकडे दात वेदनेविना काढले जातात.’

दिवाळी तोंडावर आलेली. काकू थेट ऑफिसात येऊन उभ्या राहिल्या.

“अहो, गिऱ्हाइकं फोन करून नुसती हसतात, ऑर्डर कोणी देत नाही. आत्ताच्या आत्ता काढा ते.”

अभिरामराव खुर्चीत रेलले. “काकू, या धंद्यात मी मुरलोय. साइटवरचं कोणी वाचत नसतं, लोक फोटो बघतात. पुढच्या महिन्यात सगळ्यांच्या दुरुस्त्या एकदम करू.”

“कोणीच वाचत नाही?”

“कोणीच नाही!”

“मग तोवर तुमच्या कंपनीच्या साइटवर एक ओळ टाका, ‘आम्ही काय लिहितो ते आम्हीही वाचत नाही.’ नाहीतरी कोण वाचतंय!”

ऑफिसातली पोरं माना खाली घालून हसू लागली. ‘असं कसं टाकता येईल?’ हे शब्द अभिरामरावांच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच अडले. काकूंकडे न बघता त्यांनी चकल्यांची साइट उघडली, ते वाक्य पुसलं आणि उरलेलं पान खालच्या आवाजात वाचून दाखवायला घेतलं. दुसऱ्याच ओळीत कुठल्याशा शाळेच्या प्रवेशाची सूचना निघाली. त्यांनी घाईघाईने पान खाली सरकवलं.

“वाचा की,” काकू खुर्ची ओढत म्हणाल्या, “मी बसलेय.”