स्वच्छ चित्र

"चित्र इतकं स्वच्छ आलंय, मॅडम. आता अजून काय बघायचं राहिलं?"

डॉ. ऋत्विज मोठ्या शहरात शिकून भुसावळच्या या दवाखान्यात आला होता. नव्या सोनोग्राफी मशीनची सगळी बटणं त्याला पाठ होती.

टेबलावर द्वारकाबाई पडल्या होत्या. देह अवाढव्य. जेवलं की उजव्या कुशीत कळ यायची. जातील तिथं एकच उत्तर मिळायचं : चरबीमुळं नीट दिसत नाही.

ऋत्विजनं चित्रातली खरखर पुसणारा फिल्टर लावला होता आणि पडद्यावरचं धुकं विरलं होतं. पित्ताशय गुळगुळीत, मोकळं.

"काही नाही यांना."

मॅडम, म्हणजे त्याच्या वरिष्ठ डॉ. सुमती बऱ्हाटे, पडद्याकडं बघत राहिल्या. न विचारता घरात शिरलेल्या माणसाकडं बघावं तसं.

"दुखतं कुठं, मावशी?"

द्वारकाबाईंनी बरगडीखाली बोट ठेवलं. "सगळे म्हणतात, दिसत नाही. आता हे म्हणतात, काही नाही. मग मी काय सोंग करते?"

"फिल्टर बंद कर."

"पुन्हा धुकं येईल, मॅडम."

"येऊ दे."

धुकं आलं. मॅडमनी द्वारकाबाईंना डाव्या कुशीवर वळवलं, एका हातानं पोट बाजूला सारलं, दोन बरगड्यांमधली फट शोधून मशीनचा प्रोब टेकवला.

"श्वास भरून घ्या. धरा..."

खोलीत कुणी हललं नाही.

धुक्यात एक पांढरा ठिपका. त्याच्यामागं काळी पट्टी... सावली.

"ही सावली खड्याची. पित्ताशयाच्या तोंडाशी अडकलाय," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी ऋत्विजचा हात धरून त्याचंच बोट फिल्टरच्या बटणावर दाबलं.

सावली पुसली गेली. ठिपका कडेत मिसळला. पित्ताशय पुन्हा गुळगुळीत, मोकळं.

ऋत्विजनं घाईघाईनं बोट उचललं.

"म्हणजे खरंच काहीतरी आहे?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"आहे, मावशी. ऑपरेशन करावं लागेल."

त्या रडायला लागल्या. पदर तोंडावर धरून हसतही होत्या.

त्यांना सर्जनकडं नेलं. ऋत्विज पडद्यासमोरच बसून राहिला.

"मी त्यांना घरी पाठवणार होतो."

मॅडम प्रोब पुसत राहिल्या.

"मग चांगलं चित्र ओळखायचं कसं, मॅडम?"

"जे बघूनही तुझा संशय जात नाही, पुन्हा बघावंसं वाटतं... ते चांगलं."