ओंडक्याचा खळगा

फार पूर्वी, रस्ते खडीचे होते तेव्हा, झुंबरबाईंच्या पत्राकामाच्या छपरीत एक चिंचेचा ओंडका पडून होता. गावच्या दवाखान्याच्या जीपचं मडगार्ड सडून गळालं होतं. चाकाखालचे दगड आतल्या रोग्यांवर उडत, म्हणून जीप बंद ठेवली होती. बाईंनी कोरा पत्रा ऐरणीवर धरला. पण कितीही ठोकला तरी त्याला गोलाई येईना.

“पत्राच हट्टी आहे,” ऐरण म्हणाली.

बाईंनी छिन्नी उचलली आणि ओंडक्यात खळगा कोरायला घेतला. ओंडका कळवळला. “मला पोकळ का करता, बाई?”

“मग पत्र्यानं वाकायचं कुठं?”

बाईंनी खळगा पुरा कोरला. चिंचेच्याच एका फांदीची मोगरी, म्हणजे लाकडी हातोडी, केली आणि पत्रा खळग्यावर धरला. तिचे घाव बसू लागले तशा पत्र्याला चुण्या पडल्या आणि तो घाबरला. “मी फाटेन.”

“खाली मी आहे. मी हलत नाही,” ओंडका म्हणाला. अंगाला तडा गेला तरी तो हलला नाही.

संध्याकाळपर्यंत पत्र्याला गोलाई आली, मडगार्ड चपखल बसलं आणि जीप अडलेल्या बाळंतिणीला घेऊन तालुक्याला निघाली.

दुसऱ्या दिवशी नवा पत्रा आला, तेव्हा ऐरणच त्याला म्हणाली, “आधी ओंडक्याकडे जा.”