उद्गीथाचे मौन

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी, शुक्तिमती नदीच्या तीरावर, जिथे हरिणे निर्भयपणे यज्ञवेदीच्या कडेला रवंथ करीत आणि होमधूमाने वेलींची पालवी काळवंडे, त्या आश्रमात शब्दव्रत नावाचे महातपस्वी ऋषी राहत असत. वेदाची एक प्राचीन शाखा त्यांच्या एकट्याच्या कंठात उरली होती. ती पित्याने पुत्रालाच द्यावी असा कुळाचा नियम; त्यामुळे ती टिकायची तर त्यांच्या पुत्राच्या मुखानेच. आणि पुत्र उद्गीथ सात वर्षांचा झाला तरी एक अक्षर बोलत नव्हता!

मुनिवरांनी प्रयत्नांत कसूर केली होती म्हणावे, तर तसेही नाही. बाळ पाळण्यात असतानाच त्यांनी त्याला पाठ देण्यास आरंभ केला. व्याकरणाने तावून सुलाखून घेतलेली वाक्ये ते पाळण्याशी ताठ उभे राहून उच्चारीत. पत्नी वनमाला ही निषादांची कन्या. तिची रानवट बोली बाळाच्या कानी पडू नये म्हणून तिला त्यांनी मौनव्रत दिले. शिवाय शास्त्र म्हणजे शास्त्र! अध्ययन चालू असता कोल्ह्याची कुई किंवा तसा अमंगल ध्वनी कानी आला, तर पाठ तिथेच थांबवून उठावे. याला अनध्याय म्हणतात. बाळाचे 'अगूगू' म्हणजे तर निव्वळ अपशब्द. तो ऐकताच मुनी 'अनध्याय!' असे गर्जून कमंडलू उचलीत आणि पर्णकुटीबाहेर पडत. पुढे बाळ पाठाच्या वेळी गप्प राहू लागले, तेव्हा आपली शिकवण लागू पडली असे त्यांना वाटले.

वर्षांमागून वर्षे गेली. मुनी वैतागले, शिष्यांवर खेकसू लागले. त्यांचे मित्र बीजायन ऋषी म्हणाले, "शब्दव्रता, वाणी बालकात उपजतच असते, वटबीजात वृक्ष असतो तशी. तू नुसता दूर हो!" मुनी चातुर्मासभर दूरच्या गुहेत जाऊन बसले. मुलगा दाराशी बसून वाटेकडे पाहत राहिला. बोलला मात्र नाही. बीजायनांनी 'भूमी अद्याप सिद्ध नाही' असे सांगून काढता पाय घेतला.

अखेर उपनयनाचा दिवस उजाडला. अग्नी प्रज्वलित झाला. मुनींनी मंत्र सांगितला. उद्गीथाने पित्याकडे टक लावून पाहिले आणि ओठ घट्ट मिटले. मुनींचा संयम सुटला. ओंजळीत जल घेऊन ते कडाडले, "हे वाग्देवते! आयुष्यभर मी तुझी सेवा केली, आणि माझ्याच घरी तू पाठ फिरवलीस? कृतघ्ने, हा मी तुला शाप—"

"थांबा, स्वामी!" वनमालेने त्यांचा हात धरला. सात वर्षांनी ती बोलत होती. "देवीला का दोष देता? पाळण्यातून हा तुम्हालाच हाका मारीत होता. हाक ऐकली की तुम्ही उठून जात होता. बाप जवळ राहावा म्हणून माझ्या लेकराने तोंड मिटले. व्रतापायी मी गप्प राहिले, हे पाप माझे!"

मुनींच्या बोटांतून शापोदक गळून गेले. काहीतरी बोलायला हवे होते, पण जन्मभर घोकलेल्यातले एकही वाक्य उपयोगाचे नव्हते. ते मटकन मुलापुढे बसले आणि त्यांच्या मुखातून कसेबसे निघाले, "अगूगू."

उद्गीथ दचकला. त्याने कमंडलूकडे पाहिले, मग पित्याकडे, आणि भीत भीत त्याने आयुष्यातला पहिला शब्द उच्चारला, "अनध्याय?"

"नाही रे बाळा, नाही," म्हणत शब्दव्रतांनी त्याला उराशी धरले आणि ते ढसढसा रडले.

तेव्हा अग्नीतून वाग्देवी प्रकट झाली. "मुने, भूमीवर पडलेले शापोदक वाया जात नाही. यापुढे प्रत्येक बालक आधी बोबडेच बोलेल, आणि थोर थोर पंडितांनाही त्याच्यापुढे बोबडे व्हावे लागेल. हा माझा वर. आणि ज्या वाटेने वाणी येते, ती वाट चालून आलेला प्रत्येक जण विसरेल. हा तुझा शाप, तुलाच."

ती शाखा उद्गीथाच्या मुखाने तरली, किंचित निषादांच्या हेलात. परंतु वाणी ओतली जाते की उगवते, हा वाद पंडितांत आजही मिटलेला नाही. कारण जो शिकत असतो त्याला सांगता येत नाही, आणि सांगता येऊ लागते तोवर तो विसरलेला असतो. शब्दव्रतांनी म्हातारपणी पुत्राला पुन्हा पुन्हा विचारले, "बोलायला कसा शिकलास रे?" "आठवत नाही, तात," एवढेच उत्तर मिळे. मुनी चरफडत, कपाळावर हात मारून घेत. पण उठून जात नसत.