बाभळीची पट्टी

पाखरं घरटी दुसऱ्याकडून विणून घ्यायची, त्या काळातली गोष्ट. या धंद्यात सुगरणीचा हात कुणी धरू शकत नसे. कुठली फांदी पोकळ, कुठे मुंग्या, कुठे साप, हे कावळा रानभर हिंडून बघायचा आणि शिंदीच्या पानाच्या पट्टीवर चोचीने कोरून तिला आणून द्यायचा.

"नीट ठेव गं बाई," तो बजावायचा.

"ठेवते की!" म्हणत सुगरण ती पट्टी विणायच्या गवताच्या ढिगात टाकायची.

एकदा आज-उद्या अंडी घालणारी मुनिया आली. "विहिरीवरच्या बाभळीवर घर हवंय. झाड बरं आहे ना?"

सुगरणीने ढीग उपसला. बाभळीची पट्टी काही मिळेना. "असेल इथेच कुठेतरी. तोवर विणायला तर घेते!" आणि चोचीला लागेल ते ती विणत सुटली. लांब, लवचीक पान दिसलं की तिला दम म्हणून निघत नसे.

तिसऱ्या दिवशी मुनिया नव्या घरात ऐसपैस बसली. सहज मान वर केली, तर समोरच्या भिंतीत कोरलेलं दिसलं: 'विहिरीवरची बाभूळ. ढोलीत धामण. अंडी खाते.'

किंचाळत मुनिया बाहेर पडली ती थेट पलीकडच्या झाडावर. आरडाओरडा ऐकून कावळा आणि सुगरण धावत आले. सुगरणीने आत डोकावलं आणि तिचा चेहरा खुलला.

"अय्या, सापडली! म्हटलं नव्हतं, माहिती आमच्याकडे असतेच?"

कावळा पट्टी उपसायला पुढे झाला, तशी ती खेकसली, "हात नको लावूस मेल्या, भिंत उसवेल!"