राज्य कोणावर?

फार पूर्वी एका नगरात एक गवंडी राहत होता. सहाव्या वर्षी वडिलांनी त्याच्या हाती छिन्नी दिली, ती खाली ठेवायला त्याला पुढे कधी सवडच मिळाली नाही. हात मात्र असा तयार झाला की त्याने घडवलेल्या दगडी पोपटापुढे लोक डाळिंबाचे दाणे ठेवून जात.

त्या नगरात रथ आणि बैलगाड्या इतक्या वाढल्या की गल्लीत खेळणारी मुले रोज कोणाची ना कोणाची बोलणी खात. राजाला ते बघवेना. त्याने नदीकाठचे मैदान मुलांसाठी राखले आणि गवंड्याला बोलावले.

"इथे बाग कर. लहानग्यांना आवडली पाहिजे आणि मिसरूड फुटलेल्यांनाही."

सेनापतीचा मात्र त्या मैदानावर घोड्यांच्या पागेसाठी डोळा होता. तो म्हणाला, "महाराज, बाग केली आणि मुलं आलीच नाहीत तर?"

"तर बांधा पागा," राजा म्हणाला.

गवंड्याने चार महिने घाम गाळला. संगमरवरी हत्ती उंच चौथऱ्यांवर चढवले, आरशासारखी फरशी घातली, रस्ते दोरी धरून सरळ आखले. शेवटी हत्तींवर ओरखडा पडेल या धास्तीने पाटी लावली, 'हत्तीवर चढू नये.'

पहिल्या दिवशी मुले आली, हात मागे बांधून बागेला एक प्रदक्षिणा घातली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी कोणी फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी सेनापती मोजायची दोरी घेऊन हजर. राजाने कशीबशी आठ दिवसांची मुदत दिली.

आपले काय चुकले ते गवंड्याला कळेना. मुलांनाच विचारावे म्हणून तो गल्लीकडे निघाला, तर कोपऱ्यावरच त्याच्या कानावर बोलणे आले.

"आता राज्य कोणावर?"

"मी नाही घेणार. काल दिवसभर माझ्यावरच होतं."

"मग याच्यावर देऊन टाकू."

गवंडी गार पडला. राज्य देण्याघेण्याची बोलणी, आणि तीही भर गल्लीत! तो धापा टाकत राजवाड्यात पोचला. राजाचे बालपण आठ सेवकांच्या घोळक्यात गेलेले, त्याच्याशी लपाछपी कोण खेळणार? तोही दचकला आणि गवंड्याबरोबर तडक गल्लीत आला.

"राज्य कोण घेणार होतं?" त्याने दरडावून विचारले.

परकर खोचलेली तेरा वर्षांची सगुणा पुढे झाली. "कोणीच घेत नाही हो महाराज, तोच तर घोळ आहे. ज्याच्यावर राज्य येतं त्याने सगळ्यांना शोधत पळायचं, आणि बाकीच्यांनी मजा करायची."

"अगदी असंच असतं बाई," राजा म्हणाला, आणि तिथेच पायरीवर बसून पोट धरधरून हसला.

गवंड्याने हात जोडून विचारले, "मुली, माझ्या बागेत काय कमी आहे गं?"

"काका, बाग सुंदर आहे. पण तिथे लपायचं कुठे? पळालं की पाय घसरतो. आणि आम्ही मोठ्या मुली जरा गप्पा मारत बसलो, की कोणी ना कोणी येऊन विचारतं, काय चाललंय गं?" सगुणा थांबली. "पण हे सांगून नाही कळायचं. खेळा आमच्याबरोबर."

सगळे बागेत गेले. राजा नवखा, म्हणून त्याला कच्चं लिंबू केले, म्हणजे खेळायचे पण बाद व्हायचे नाही. राज्य आले गवंड्यावर. पन्नाशीत पहिल्यांदाच तो खेळात पळाला, स्वतःच्याच फरशीवर दाणकन आपटला आणि गुडघा फोडून घेतला. सरळ रस्त्यांवर लपलेली मुले लांबूनच दिसत होती. तरी संध्याकाळी तो इतका हसला की त्याला ठसका लागला. एवढा आनंद जगात होता आणि आपल्या वाट्याला आलाच नाही, याचे त्याला फार वाईटही वाटले.

सकाळी तो हत्तींसमोर उभा राहिला. चार महिन्यांची झिलई उन्हात चमकत होती. शिष्य म्हणाले, "उस्ताद, ह्यांना हात लावू नका." गवंड्याने पाटी उपटली, हत्ती खाली उतरवून गुडघ्यापर्यंत वाळूत रोवले, आणि जात्याला लावतात तशी त्यांच्या गुळगुळीत पाठीला टाकी लावायला बसला, मुलांचे पाय घसरू नयेत म्हणून. पहिल्या घावाला त्याच्या डोळ्यांत पाणी आले. दहाव्या घावाला एक पोरगे वर चढून बसलेही होते.

मग फरशी निघाली, रस्ते वळले, वळणावळणावर दाट झुडपे मुळासकट आणून लावली. भोज्जा म्हणून मैदानाच्या कडेचा जुना वड ठरला. मोठ्या मुलामुलींसाठी नदीकडे तोंड करून कट्टा बांधला. वडीलधाऱ्यांना तो लांबून दिसे, पण तिथले बोलणे ऐकू येत नसे. जागा सगुणाने आणि तिच्या मैत्रिणींनी स्वतः बसून, बोलून ठरवली.

आठव्या दिवशी राजा पालखीतून आला, मागे दोरी घेऊन सेनापती. भालदाराने ललकारी दिली, ती आरडाओरड्यात विरून गेली. एकानेही मुजरा केला नाही. कट्ट्यावरच्या गप्पा थांबल्या नाहीत. एक चिमुरडी धावत येऊन सेनापतीच्या अंगरख्यामागे लपली आणि कुजबुजली, "हलू नका ना, दिसेन मी."

सेनापती बिचारा श्वास रोखून उभा राहिला.

राजाचा हा असा अपमान पाहून गवंड्याने पुढे होऊन हात जोडले. "महाराज, पोरांना माफ करा. त्यांना कळलंच नाही तुम्ही आलात ते."

"मला नेमकं तेच बघायचं होतं," राजा म्हणाला. "सेनापती, दोरी गुंडाळा. बाग मुलांचीच."

सेनापती जागचा हलला नाही. "गुंडाळतो महाराज," तो ओठ न हलवता पुटपुटला, "पण आधी हिच्यावर राज्य येत नाही ना, एवढं बघू द्या."

तात्पर्य: मुलांसाठी काही बांधायचे असेल, तर मोजायची दोरी काढण्याआधी त्यांच्यात जाऊन एकदा राज्य घ्यावे.