चालीत न बसलेली ओळ

आजीच्या आजीलाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक पोथ्या लिहिणारा राहत होता. घरात बायको आणि तीन वर्षांची बकुळा. बोरू, शाई आणि कागद, हीच त्याची शेतीवाडी.

एका वर्षी पाऊस पडलाच नाही. कणग्या रिकाम्या झाल्या. बकुळाच्या हाताची हाडं दिसायला लागली, तशी बायको म्हणाली, "अहो, काहीतरी करा. पोर दिवसभर विझलेल्या चुलीकडं बघत बसते."

दुष्काळात काय खावं याची पोथी लिहून विकायची ठरवून लेखक रानात राहणाऱ्या म्हातारीकडे गेला. रानातलं काय खावं आणि कसं खावं, हे तिला ठाऊक होतं. तिने त्याला पाला सांगितला, फळं सांगितली, आणि दुष्काळातही जमिनीखाली मिळणारा कडवा कंद दाखवला.

"हा चिरून, राख लावून तीनदा उकडायचा," ती म्हणाली. "तिन्ही वेळा पाणी फेकायचं. न फेकता खाल्लास तर उठायचा नाहीस. लिहिशील ते पुरतं लिही, बाबा."

त्याने पुरतं लिहिलं. चांगल्या अक्षरात लिहिलं. पोथ्या घेऊन तो बाजारात बसला, पण दिवस मावळेपर्यंत एकही विकली गेली नाही. शेजारी एक सारंगीवाला बसला होता. त्याच्यापुढे माणसांना उभं राहायला जागा नव्हती.

सारंगीवाला म्हणाला, "तुझी पोथी फार कोरडी आहे गड्या. तिला चाल लाव. मी वाजवतो, तू गा. गाणं आवडलं की लोक पोथी नेतात. गावात वाचणारा एक असला तरी बाकीचे ऐकून पाठ करतात."

दोघं चाल लावायला बसले. पाल्याची ओळ बसली, फळांची बसली, कंद राख लावून उकडायचीही बसली. तीनदा पाणी फेकायची ओळ मात्र काही केल्या बसेना.

"काढ ती," सारंगीवाला म्हणाला. "लोकांच्या घशाला कोरड पडलीय, आणि तू पाणी फेका म्हणून गातोस? उठून जातील."

लेखकाला ते पटेना. तो पोथ्या घेऊन सरदाराच्या माळावर गेला. दुष्काळातही तिथे हिरवळ होती, कारण गावच्या विहिरीचं पाणी आधी तिथे जायचं. सरदार वाकड्या काठीने चेंडू मारत होता. लांब एक खळगा होता, चेंडू त्यात घालायचा. पहिला फटका बाभळीत गेला, दुसरा मातीत. चेंडू खळग्यात पडेपर्यंत नऊ फटके झाले.

"पाच, सरकार," चाकर ओरडला.

लेखक हळूच म्हणाला, "नऊ झाले ना?"

"नवीन दिसतोस," चाकर हसला. "सरकारांना जे आवडले नाहीत, ते मोजायचे नसतात. चेंडू पडला ना खळग्यात? मग कुणाचं काय बिघडलं?"

पोथी तिथेही कुणी घेतली नाही. पण चाकराचं बोलणं लेखकाच्या मनात घर करून बसलं. घरी येऊन त्याने ती ओळ खोडली आणि नव्या प्रती लिहायला घेतल्या.

बायकोने विचारलं, "ही ओळ का खोडलीत?"

"चालीत बसत नाही. आणि कडू कंदाचं पाणी टाकायचं, हे कुणाला कळत नाही?"

"मला कुठं कळलं होतं? तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं."

लेखक बोरू शाईत बुडवून पुढे लिहू लागला. बायकोने एकदा निजलेल्या बकुळाकडे पाहिलं आणि लिहून झालेले कागद वाळत घातले.

सारंगीच्या साथीने गाताच पोथ्या धडाधड खपल्या. घरात जोंधळे आले. गाण्याला पाय फुटले. बाया जात्यावर तेच म्हणू लागल्या, गुराखी तेच म्हणू लागले.

पुढे गावची विहीर आटली. बायकोची बहीण आली आणि म्हणाली, "आमच्याकडं अजून घोटभर पाणी आहे. पोरीला चार दिवस नेते." बकुळा मावशीच्या कडेवर बसून हसत गेली.

पाचव्या दिवशी निरोप आला. दोघं अनवाणी धावत सुटले. पोचले तेव्हा बकुळाला चटईवर निजवलं होतं आणि तिच्या तोंडावरून पदर ओढला होता.

मावशी छाती पिटत म्हणाली, "दाजी, अहो, तुमच्याच पोथीतलं केलं मी. गाणं म्हणत म्हणत केलं, एक शब्द चुकले नाही. लेकरू तहानलं होतं. पाणी वाया कशाला घालवू, म्हणून कंदाचंच पाणी पाजलं हो तिला."

बायकोने लेकराला मांडीवर घेतलं. नवऱ्याने हात पुढे केला, तेव्हा तिने तो बाजूला सारला.

त्या दिवसापासून लेखक गावोगाव हिंडू लागला. चाल नाही, सारंगी नाही, नुसता ओरडून सांगायचा, "तीनदा उकडा, तिन्ही वेळा पाणी फेका."

लोक म्हणत, "प्यायला नाही, आणि हा फेका म्हणतो." कुणी म्हणे, "आम्हाला गाणं पाठ आहे, त्यात असं काही नाही." तो म्हणायचा, "माझी लेक गेली हो." तेव्हा दोन-चार बाया थांबायच्या, ऐकायच्या आणि घराकडे पळायच्या. बाकीच्यांच्या तोंडी तेच गाणं असायचं.

ज्या गावात तो उशिरा पोचला, तिथे वेशीबाहेर मातीचे छोटे छोटे ढीग होते. तो प्रत्येक ढिगापाशी खाली बसायचा, मग उठून पुढच्या गावाची वाट धरायचा. गाणं दर वेळी त्याच्या आधीच पोचलेलं असायचं.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपलं बोलणं गोड लागावं म्हणून जो त्यातलं कडू काढून टाकतो, त्याचं बोलणं ऐकणाऱ्याच्या जिवावर उठतं.