पांढऱ्या ओट्यावरचा पेपर

इचलकरंजीच्या वत्सलाताई चौगुल्यांच्या ओट्याचा कडाप्पा तडकला. भिशीच्या पैशांत नवा ओटा बसवायचा होता. पण जावयाने हौसेने पुण्याहून इंटिरियर डिझायनरच पाठवला.

परिमल सर काळा कडाप्पा बघून असे हळहळले, की जणू घरात कुणी आजारी आहे. "मावशी, कमी बजेटमध्येही किचन श्रीमंत दिसायला हवं!" तान्ह्या बाळासारखा जपून आणलेला पांढराशुभ्र दगडाचा नमुना त्यांनी टेबलावर ठेवला. "मॅट फिनिश! हळद, तेल, तिखट, काही म्हणता काही लागत नाही. किंमत दुप्पट, पण जन्मभर असाच राहणार."

"भाग्यच म्हणायचं आमचं," असं म्हणून ताई आत गेल्या आणि मिसळीच्या लालभडक कटाने काठोकाठ भरलेली वाटी घेऊन आल्या. वाटी हिंदकळत त्या नमुन्यावर टेकणार, तोच सर किंचाळले, "अहो मावशी, थांबा! डाग पडेल!" आणि त्यांनी झटकन त्यावर पेपर अंथरला.

ताईंनी वाटी अलगद पेपरवर ठेवली.

"खावा साहेब, निवांत खावा. पेपर आमच्याकडं रोज येतोय. त्याच्याखाली कडाप्पाच बसवू या."